फिलमोनचा उरलेला शब्द

गुरुवारी मी फिलमोनची दाढी करतो.
कोपरखैरणे, सिडकोची जुनी इमारत, तिसरा मजला.
लिफ्ट नाही. पायऱ्या गुडघे मोजतात,
मी मोजायचं सोडलंय.
एस्तेरवहिनी पाणी कोमट करून ठेवतात,
त्याच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळतात,
कंपनीनं दिवाळीला वाटलेला,
नाव अजून अर्धं वाचता येतं.

झटक्यानं त्याचा उजवा हात नेला, उजवा पाय नेला,
शब्द तर झाडून नेले:
नातवंडांची नावं, दोन शिव्या (दोनच येत होत्या),
उपासनेत सगळ्यांच्या खालून धरायचा तो सूर.
एकच राहिला मागे,
घर रिकामं करताना
खुंटीला विसरलेल्या पिशवीसारखा –
होय.

जेवलास का? होय.
खिडकी लावू? होय.
राहू दे उघडी? होय.
डॉक्टर म्हणतात, अर्थ शोधू नका,
जिभेला सवय उरते.
असेल.
चोपन्न वर्षं मी त्याला ओळखतो,
त्याला सवय हीच होती.

ठाण्याला, दृढीकरणाच्या दिवशी,
आम्ही शेजारी गुडघे टेकले, पँटी एकाच कापडाच्या.
पाळकांनी विचारलं, प्रभूच्या मागे चालशील?
हा इतक्या मोठ्यांदा होय म्हणाला
की तुळईवरची चिमणी उडाली.
माझी आई हसली. मीही म्हणालो होय,
आणि मनात, अगदी नम्रपणे:
बघू.

बघू हा फार सोयीचा शब्द आहे.
त्यावर मी संसार केला, दशमांश दिला, नाताळाची वर्गणी गोळा केली.
तुर्भ्याच्या कंपनीत टाकीत उतरून
एकवीस वर्षांचा पोरगा गेला, मास्क न देता उतरवलेला,
तेव्हाही साहेबांसमोर तोच कामी आला.
कोणी पाहिलं?
फिलमोन म्हणाला होय.
मी म्हणालो, बघू, आठवलं तर सांगतो.
त्याची नोकरी गेली.
माझी आणखी अठरा वर्षं टिकली.

माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तो आला,
रिक्षा बाहेर लावून, खाकी सदऱ्यातच.
बाळाला घेतलं. तिनं त्याच्या बिल्ल्याला लाळ लावली.
टाकीबद्दल एक अक्षर नाही,
तेव्हा नाही, नंतरही नाही.
मला वाटायचं, विसरला असेल.
असं वाटून घेणं स्वस्त पडतं.

मागच्या महिन्यात मी त्याच्या पायाची नखं काढत होतो,
त्या मेलेल्या पायाची.
नखं मात्र वाढतात, त्यांना कोणी कळवलेलं नाही.
वहिनी दळणाला गेल्या होत्या.
खाली वाकलेला असताना विचारलं, म्हणून विचारता आलं:
फिल्या, राग आहे का माझा? त्या पोराचा?
होय.

नेलकटर थांबला.
मोरीत नळ टिपकत होता, खाली भाजीवाला ओरडत होता,
खाडीकडून तो नेहमीचा वास.
माफ केलंस?
होय.

यातला खरा कुठला आणि सवयीचा कुठला,
हे मी कोणाला विचारू?
त्याचा डावा हात, जिवंत तो, माझ्या डोक्यावर येऊन बसला.
चांगला जड.
आशीर्वादाचा म्हणाल तर नाही;
उठताना भिंतीला लावतात ना,
तसा.

परवा पाळक घरी आले, प्रभुभोजन घेऊन.
तरुण आहेत, हेल्मेट कुठे ठेवावं कळेना त्यांना.
फिलमोनच्या गालावर एका बाजूला फेस होता अजून,
मी म्हटलं, दोन मिनिटं,
ते म्हणाले, असू द्या.
त्याला विचारलं. तो म्हणाला,
त्याला येतं तेच.
ओठाच्या कोपऱ्यातून चुरा सांडला, मी बोटानं टिपला.

मग ताट माझ्याकडे वळलं.
माझ्या हाताला साबणाचा वास,
नखात त्याचे पांढरे केस.
जुन्या सवयीनं मी तोंड उघडलं
बघू म्हणायला –

भाकरीचा तुकडा आधी पोचला.