कड

महिन्याच्या पहिल्या रविवारी
चांदीचा प्याला मी घासतो.
राख नको, चिंच नको, नुसती रांगोळी आणि जुन्या धोतराचा तुकडा,
असं आज्जा सांगून गेलाय.

आज्जाची कपबशी गावात
हॉटेलाच्या वळचणीला उपडी असायची.
आपणच विसळायची, आपणच ठेवायची,
चहा वरून पडायचा, धार न तुटता.
तो सांगलीला आला, पाण्यात उतरला,
शमुवेल होऊन वर आला,
आणि पहिल्याच प्रभुभोजनाला बघतो तर
वेदीवर प्याले दोन :
चांदीचा साहेबांचा, पितळेचा आपला.
"देव एकच हाय म्हनं," आज्जा हसायचा,
"भांडी तेवढी दोन."

साहेब गेले. चांदी आमच्याकडं राहिली.
पितळेच्यात आता कागदाची फुलं असतात.
पण बाकांना अजून आठवतं
कुणाचा पणजा गावाच्या कुठल्या अंगाला राहायचा.
आणि सोयरीक ठरवताना तर येशूलाही
आम्ही व्हरांड्यात बसवतो, पाणी देतो, थांबा म्हणतो.

झुंबर काळे मार्केट यार्डात हळद निवडते.
यार्डामागंच पाल आहे तिचं.
मागच्या बाकाशी यायची, बाकावर नाही, खाली बसायची.
गीतं येत नव्हती. ओठ हलवायची.
तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा टाळ्या वाजल्या.
प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी
सातपुते वडील माझ्या कानाशी आले :
"पारध्याच्या बाईला शेवटी घे.
तसं काही नाही. गर्दी होते."
तसं काही नाही.
मी तिला शेवटी घेतलं.

तिनं प्याला दोन्ही हातांनी धरला,
पाखरू धरावं तसा, न चुरगळता.
उरलेलं संपवायचं काम माझं.
वेदीमागं गेलो.
कडेवर पिवळा ठसा. अंगठ्याचा.

मी प्याला फिरवला.
चार बोटं. दुसऱ्या अंगानं प्यालो.
कुणी पाहिलं नाही.
मग पांढऱ्या फडक्यानं पुसला,
नेहमीपेक्षा जोरात.

घरी मार्थानं फडक्याला साबण लावला
आणि मोरीतूनच ओरडली,
"अहो, हे रक्त कुणाचं?"
हळदीला साबण लागला की लाल होते,
सांगलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.
मलाही ठाऊक होतं.
तरी दारात उभा राहिलो
सगळं पाणी वाहून जाईपर्यंत.

पुढच्या महिन्यात ती आली नाही.
माधवनगरला कुणाचं तरी दुकान फुटलं होतं
आणि आधी उचलला तो तिचा नवरा,
नेहमीसारखा.
बैठकीत ठरलं, प्रार्थना करू.
केली. चांगली लांब केली.

सोमवारी मी ठाण्यावर गेलो.
काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.
हवालदारानं विचारलं, "ही तुमची कोण?"
मंडळीतली, म्हणालो. त्याला कळेना.
बहीण, म्हणालो.
त्यानं माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं,
आणि पेनचं टोपण शोधत बसला.

दुपार कलली. नवरा सुटला नाही.
टपरीवर तिनं एक चहा घेतला.
पैसे मला देऊ दिले नाहीत,
पदराच्या गाठीतले मोजून दिले.
अर्धा चहा बशीत ओतला, बशी आपल्याकडं ठेवली,
कप माझ्यापुढं केला,
आणि मी हात लावायच्या आत
मागं घेऊन
पदराच्या टोकानं त्याची कड पुसली.

दोनदा पुसली.