चौथा कुठाय

हरिपूरच्या शाळेला दुर्बीण मिळाली.
खोक्यावर शनीचं चित्र होतं,
आमच्या वाट्याला या महिन्यात गुरू.
संगमाच्या वरच्या अंगाला तिपाई रोवली.
नववीची पोरं "बुंदीएवढा, मॅडम" म्हणत हसून गेली.
राहिले मलगोंडाअप्पा,
कुत्र्याला भाकरी घालायला आलेले.

डोळा इथं. हात लावू नका, हलतं.
वाकले. ती पाठ जन्मभर पेवात उतरलेली,
वाकायला वेळ लागला नाही.
"हळकुंड हाय," म्हणाले. "पॉलिश न केलेलं."

मी वर्गात सांगते तसं सांगत सुटले:
यात तेराशे पृथ्व्या मावतील.
"पोत्यात सांग."
पोत्यात नाही सांगता आलं.
जमीन नाही त्याला, अप्पा. वायूच सगळा.
उतरत जावं तसा दाट होतो, तापत जातो,
पाय टेकायला तळ म्हणून लागत नाही.

यावर मात्र ते दुर्बिणीवरून उठले.
"दिवा सोडून बगितला का?"

पेवं या गावानं दोन हजार पाचच्या पुरात घालवली.
हळद आता शीतगृहात असते.
मला पेव ठाऊक ते खड्डा म्हणून,
म्हैस पडू नये म्हणून बाभळीचे फास टाकलेला.
अप्पांना ठाऊक ते आतून:
तोंड माणूस शिरेल एवढं, पोट घराएवढं.
माती काढून रात्रभर उघडं ठेवायचं,
सकाळी दोराला कंदील.
विझला तर कुणी उतरायचं नाही.
हळदीला वास असतो. त्या हवेला नसतो.

सोडला होता, मी म्हटलं. पंच्याण्णव साली.
यानातून एक खोका, छत्री बांधून.
"किती वेळ तेवला?"
तासाला दोन मिनिटं कमी.
"लई तेवला की."
मग नदीकडं बघत,
"इरगोंडाच्या टायमाला कंदील सोडलाच न्हवता.
व्यापाऱ्याचा ट्रक हुबा हुता."

मी घाईनं चंद्रांवर आले.
ते ठिपके, एका रेघेत. एकावर ज्वालामुखी.
एकावर बर्फ, खाली पाणी, आपल्या सगळ्या समुद्रांहून जास्त.
"पूर येतो का?"
वर बर्फाचं झाकण आहे, अप्पा.
"दोन हिकडं, एक तिकडं. तीन झालं.
तू चार म्हणालीस. चौथा कुठाय?"
मागं गेलाय.
"मागं का आत?"
मागं, अप्पा.

"दोराला चौघं लागत्यात," म्हणाले. "पाचवा आत.
तिघांच्यानं माणूस वढत न्हाई."
तेव्हा वर किती जण होते, मी विचारलं नाही.

वारणेच्या बाजूनं चिलटं आली.
पलीकडं कुणाची तरी मोटर सुरू झाली,
शेतीची लाइट आली असणार.
कुत्रं भाकरी संपवून झोपलं.
गुरू नळीतून सारखा निसटायचा,
मी पुन्हा मध्ये आणून द्यायची.
अप्पा हलले नाहीत.
हात लावू नका म्हटलं होतं, लावला नाही,
पण दोन्ही मुठी हवेत, एकीपुढं एक,
अर्धवट मिटलेल्या.

तक्त्यात वेळ होती दहा एकेचाळीस.
तक्ते चुकत नाहीत, हे त्यांना सांगायला हवं होतं.
सांगितलं का ते आता आठवत नाही.

"आला."

मी वाकून बघितलं. मला तर
कड जराशी फुगल्यासारखी वाटली, इतकंच.
मग कडेला मोहरीएवढं काही सुटं झालं.

वहीत नोंद केली: आयो, बाहेर, १०.४३.
निरीक्षक, मलगोंडा.
आडनाव विचारायला मान वर केली,
तर अप्पा उजेडाकडं पाठ करून
तळहातांवर फुंकर घालत होते.