स्टेन्सिल

अब्बांच्या छातीचा एक्स-रे होता ट्रंकेच्या तळाशी.
त्यातच कापली अक्षरं :
धो का दा य क.
फिल्म बरी पडते. पुठ्ठ्यासारखी फुगत नाही,
पुसली की पुन्हा कोरी.
फक्त दोन्ही 'क'ची पोटं गळून पडू नयेत
म्हणून मधे बारीक पूल ठेवावे लागतात.
उजेडात धरली तर 'दा'च्या काठाला
बरगड्या दिसतात अजून.

पालिकेचं काम. दारामागं चाळीस रुपये.
लाल रंग त्यांचा, टर्पेंटाइन माझं.
दारं बहात्तर.

याच बहात्तर दारांवर
अब्बांनी नंबर टाकले होते, गाळे नवे असताना.
पिवळा ऑइल पेंट, काळी किनार.
चिठ्ठ्या निघाल्या होत्या डब्यातून :
बिडी वळणाऱ्या बाया, सूतगिरणीचे, झाडूवाले, एक पेंटर.
भाडं अठरा रुपये. पावतीवर गोल शिक्का.
आपला नंबर त्यांनी सगळ्यात शेवटी रंगवला
आणि तोच वाकडा आला.
हात थरथरला म्हणायचे,
दुसऱ्याच्या दारावर कधी थरथरला नव्हता.

मग टाकीचं झाकण गेलं ते आलंच नाही.
गळतीचा अर्ज दिला.
अर्ज आत घेतला, गळती बाहेर राहिली.
भाडं घेणारा क्लार्क रिटायर झाला,
त्याची खुर्ची काही वर्षं ओळीनं रिकामी.
लोक पैसे डब्यात टाकत राहिले,
कुणी येईल, मागेल.
कुणी मागितले नाहीत तेव्हा
डब्यातून वह्या आल्या, सलाइन आलं,
आणि आता नोटिशीत सगळे थकबाकीदार.

नऊ नंबर. सुलोचना खिल्लारे.
"दस्तगीर, माझ्या दारावर जरा बारीक लिव्ह रे बाबा,
रविवारी पोरीला बघायला यायलेत."
मावशी, स्टेन्सिल एकाच मापाची हाय.
"बरं मग, नीट तरी काढ."
मी ब्रश उचलला तसा 'य'खालून ओघळ सुटला.
तिनं पदराच्या टोकानं पुसला,
मागं सरून बघितलं,
आणि आत जाऊन चहा ठेवला.

सव्वीसमधले घोंगडे चंदनझिऱ्याकडं खोली बघून आलेत.
साडेतीन हजार, डिपॉझिट पंधरा, टँकरचं वेगळं.
मालक विचारतो, माणसं किती?
सासूला मोजायचं का नाही
यावरून काल रात्री भांडण झालं.
म्हातारी पलंगावरूनच म्हणाली,
"चार सांगा. मी दिवसा देवळात बसते."

घरकुलाच्या नव्या यादीत नाव लागायला
आधी स्वतःची जागा लागते, असं खिडकीतला माणूस म्हणाला.
जागा असती तर खिडकीपाशी आलो असतो का,
हे कुणी बोललं नाही.
मागं रांग होती.

एकेचाळीस बंद.
कुलपावर गंज, उंबऱ्यावर तुळशीचा डबा, माती ओली.
कुणीतरी येऊन पाणी घालून जातं.
तिथं मी रंग जपून लावला, डब्यावर उडू नये म्हणून.

बावन्नचा अन्वर विचारतो,
काका, दाखल्यावर पत्ता काय लिहायचा आता?
मी म्हटलं, जुनाच लिही.
तिथं कुणी नसलं तर?
पोस्टमन येतो का कधी, मी म्हटलं.
तो हसला. दहावीला आहे, हसू आवरता येतं त्याला.

संध्याकाळी बहात्तर.
सगळे मिळून दोन हजार आठशे ऐंशी.
एका महिन्याची खोली निघत नाही त्यात.

पिवळा वाकडा नंबर अजून आहे,
ऊन खाऊन फिकट, किनार मात्र काळीच.
त्याच्या खाली मी फिल्म दाबून धरली,
डावा तळहात फुप्फुसावर,
कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरात
शेख हुसनोद्दीन, पु., ५१.
बायको कढई घासायची थांबली.

हात थरथरला नाही.
एकाहत्तर दारांनंतर बसतो हात.
सरळ आलं.