वहिवाट

मन्सी, इंडियाना. रात्रपाळी. बाहेर उणे अकरा.
मक्याची धसकटं बर्फातून वर आलेली,
दोन दिवस न केलेल्या दाढीसारखी.
आत, गिअरबॉक्सच्या कारखान्यात,
मी अकरा गाड्यांना रस्ता शिकवते.

गाड्या म्हणजे कमरेएवढ्या पिवळ्या पेट्या.
सीट नाही, आरसा नाही, शिवी द्यायला ड्रायव्हर नाही.
डोक्यावर एक डोळा गरगरतो
आणि खांबाखांबावर चिकटवलेल्या चकाकत्या पट्ट्या बघून
आपण कुठे आहोत ते ठरवतो.
माणूस आडवा आला की थांबतात.
माणूस हलेपर्यंत थांबतात.
एवढा धीर मी अजून कुठल्या साहेबात पाहिला नाही.

पण रस्ता आधी कुणीतरी चालवून दाखवावा लागतो.
ते काम व्हर्लिन स्टाउडरकडे आलं.
चौतीस वर्षं फोर्कलिफ्टवर, डाव्या कानाने कमी ऐकू येतं,
मार्चअखेर सेवानिवृत्त.
मार्चच का, हे त्याला कुणी समजावून सांगितलं नाही.
त्यानेही विचारलं नाही.
शाल्मलीचं पहिल्याच दिवशी शॅल करून टाकलं,
"हे असं जायचं, शॅल," म्हणाला,
आणि सगळा कारखाना एकदा सावकाश फिरला.
गाडीने तो जसाच्या तसा पाठ केला.

सकाळी स्क्रीनवर रेघ तपासताना
सी-चौदा खांबापाशी बाक दिसला.
सरळ गल्ली, मोकळी फरशी,
तरी रेघ हातभर उजवीकडे जाऊन परत येते,
विहिरीला वळसा घालावा तशी.
बाकी प्रत्येक वळणावर हॉर्नची खूण.
इथे नाही.

फेरीला पावणेचार सेकंद,
दिवसाला दोनशे बारा फेऱ्या.
तेरा मिनिटं आणि वर थोडं.
तेरा मिनिटांसाठी इथे डोनट मागवून मीटिंगा होतात.

बाबा मोजणी खात्यात होते, कराडला.
साखळी, प्लेन टेबल, मोज्यांत रुतलेली कुसळं.
दोन्हीकडचा चहा प्यायचे, म्हणजे कुणाकडचाच प्यायल्यासारखं नाही.
म्हणायचे, नकाशात नसलेली वाट दिसली
तर खोडण्याआधी विचार, कोण चालतं.

विचारलं.
व्हर्लिनने आधी थर्मासचं झाकण उघडलं,
मग बंद केलं.
"तिथे हॉबिंग मशीन होतं. लोरीनचं.
गुडघे गेलेले तिचे. जेवणाच्या सुट्टीत
क्रेट उलटा करून बसायची, पाय गल्लीत पसरून."
"आणि हॉर्न?"
"झोपलेली असायची ना."

मशीन विकलं, त्याला सोळा वर्षं झाली.
लोरीन टेनेसीला, लेकीकडे.
ख्रिसमसला कार्ड येतं, म्हणाला,
सगळ्या लाइनला मिळून एकच.
पुढे मी काही विचारलं नाही.
तो बोलला ते मशीनच्या बेल्टबद्दल, बराच वेळ.

रेघ सरळ करायला एक क्लिक पुरते.
माझं बोट होतं तिथे, खोटं कशाला बोलू.
मग शेऱ्याच्या रकान्यात मी टाइप केलं: वहिवाट.
सिस्टिमला देवनागरी येत नाही,
तिने सहा रिकामे चौकोन उमटवले.
मॅनेजरबाईंनी रिपोर्टवर सही केली, चौकोनांसकट.
पुढच्या अपडेटला कुणीतरी सावध माणूस
बाक काढून टाकेलही.

शेवटच्या पाळीला व्हर्लिन सी-चौदापाशी गेला,
एक क्रेट उलटा केला, बसला,
सेफ्टी शूज गल्लीत पसरले.
मी लाल बटणावर हात ठेवून उभी.
सात नंबरची गाडी आली, चारशे किलो गिअर घेऊन,
जरा मंदावली,
हातभर उजवीकडून गेली, न ओरडता.

"थोडं जवळून जाते," तो म्हणाला.
"पण जाते."