दोन तास

पहाटे डेअरीत रांग असते
आणि रांगेत मतं असतात.
दस्तगीर फॅट लावतो, सहा पॉइंट चार,
तोवर मी एक अख्खा मुलूख
ज्याचा त्याला परत देऊन टाकतो.
तिकडं लांब, बर्फ पडतो म्हणे जिथं,
एकानं दुसऱ्याची जमीन दाबलीय.
"सरळ सरळ दाबलीय," मी किटली आपटून सांगतो,
"जुने नकाशे काढा म्हणावं, जुने."
मागनं कोणतरी म्हणतं, पुढं सरका अण्णा.

सत्तावीस गुंठं आहे माझं, वसनेच्या अल्याड,
रहिमतपूरला जाणारी रेल्वे ऐकू येते इतक्यावर.
त्यात आलं.
आल्याबद्दल अर्थात मत आहे:
नवं वेगळं, जुनं वेगळं म्हणून भाव पाडणाऱ्याला
एकदा कुदळ देऊन वाफ्यात बसवा.
इथेनॉलबद्दल आहे.
कांद्याची निर्यात बंद होते तेव्हा
माझ्याकडं फोडणीपुरताही कांदा नसतो,
तरी मत असतं.

मालन म्हणते, मताला पाणी द्यावं लागत नाही
हे एक बरंय.

परवा पीक पाहणी लावायला उभा राहिलो.
फोन हातात, आलं गुडघ्याला,
पाय स्वतःच्या चिखलात घोट्यापर्यंत.
फोन म्हणाला,
आपण आपल्या गटाच्या बाहेर आहात.
मी सरकलो. बाहेर आहात.
खिशातलं आधार कार्ड काढून दाखवावं वाटलं त्याला.
बांधापलीकडं सर्जेराव घेवडा तोडत होता,
वाघ्या घेवडा, पाटी अर्धी भरलेली.
"काय म्हणतंय सरकार?" त्यानं विचारलं.
"रेंज नाही," मी म्हणालो.

रेंज होती. चार काड्या.

ज्या उन्हाळ्यात सर्जेराव पोराच्या ऑपरेशनसाठी
मिरजेत दीड महिना अडकून पडला होता,
त्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरवाला म्हणाला होता,
कुठवर घेऊ?
मी तोंडानं काही बोललो नाही.
हात नुसता हलवला. अजून दोन तास.
तो हसला, म्हणाला, तासाचे पैसे वेगळे.
ते तास वेगळे आणि हे वेगळे,
दोघांनाही माहीत होतं.

सर्जेराव आला, बांधाकडं बघितलं,
पोराचा डबा घेऊन परत मिरजेला गेला.
पुढं कधी काही बोलला नाही.
बोलला असता तर माझी तयारी होती,
सातबारा, फाळणी, आजोबांचा शब्द, सगळं.

रात्री जेवताना बातम्या लावल्या.
तोफा, धूर, टेबलाभोवती टाय घातलेली माणसं.
"बळकावलेलं पचत नसतं," मी म्हणालो.
मालननं भाकरी उलटली.
"हद्दीचा दगड धुण्याला छान झालाय," ती म्हणाली,
"गोधडीसुद्धा मावती त्याच्यावर."
एवढंच. मग कालवणाला मीठ झालंय का विचारलं.

फोन दहा-बारा मीटर चुकतो,
तलाठी सांगतो, चुकतोच.
मी तर पाचच फूट.
हे मी अंथरुणावर बरेचदा घोळवलं.

अकराला थ्री फेज आली.
बॅटरी घेऊन गेलो, व्हॉल्व्ह सोडला,
नळीतनं पाणी थेंब थेंब सगळीकडं सारखं.
त्या दोन तासांतलं आलं हुंगून बघितलं,
चावूनही बघितलं जरासं, कोवळं होतं,
तेवढंच तिखट.

सकाळी रांगेत सर्जेराव माझ्या पुढं.
त्याच्या म्हशीला पाच पॉइंट नऊ.
दस्तगीर म्हणाला, "अण्णा, त्या लढाईचं काय हो?
आज गप्प?"
"बोलणी चाललीत म्हणे," मी म्हणालो.
सर्जेराव मागं वळला नाही.
पावती घडी करून टोपीत ठेवली त्यानं.

माघात आलं निघेल.
त्या दोन तासांची पोती
मी वेगळी मोजणार आहे.
वहीचं शेवटचं पान त्यासाठी कोरं ठेवलंय.
पुढचं अजून
माझं मत झालेलं नाही.