तीन क्लिक

मसाई पठाराच्या पश्चिम कडेला
चिमूटभर गवत उपटून सोडतो.
ते माझ्याच तोंडावर येतं, एक काडी ओठाला चिकटते.
वारा आहे. चालेल.

पंखाखाली दोन बोटं.
विमान नाक किंचित खाली घालून थांबतं,
शेळी पाण्याशी थांबते तसं.
नाकात शिसं आहे, मासेमारीच्या जाळ्याचं,
रंकाळ्यावर कुणाकडून तरी मेस्त्रींनी मागून आणलेलं.
वजन केलं नव्हतं. तळहातावर दोनदा उडवलं,
म्हणाले, "बास."

इलाही मेस्त्री. उद्यमनगरात चाळीस वर्षं
ओतकामाचे लाकडी पॅटर्न.
मी गेलो होतो पंपाच्या इंपेलरचं सांगायला,
परतलो ते बाल्साच्या फळ्या काखेत मारून.
त्यांची फूटपट्टी खोटी होती.
इंच थोडा मोठा,
कारण लोखंड निवताना आकसतं
आणि तेवढं आधीच जास्त धरावं लागतं.
"खरं माप पायजे तर चुकीच्या पट्टीनं मोज,"
म्हणायचे, आणि बशीतल्या चहावर फुंकर घालायचे.

उजव्या हाताची तर्जनी बँडसॉनं नेलेली.
त्याच हातानं फेकायचे.
चार पावलं धावून, खांद्याच्या रेषेत,
भाला नव्हे, पंगतीत ताट सरकवल्यासारखं.
"वर फेकायचं न्हाई. समोर द्यायचं. वर त्याचं ते जातंय."
बोट नव्हतं तिथली पकड आधी सुटायची,
नाक डावीकडं वळायचं.
दरवेळी.

मी रिमोटवर तीन क्लिक उजवीकडं दिली.
विमान सरळ निघायला लागलं.
मग वर गेलं की उजवीकडं ओढायचं,
तर अंगठा डावीकडं दाबून धरायचो,
तीन क्लिकांएवढा.
अकरा वर्षं.
बोटाबद्दल मी बोललो नाही,
क्लिकांबद्दल ते.
ठाऊक असणार. तसल्या पट्टीचा माणूस.

मोहरमच्या आदल्या आठवड्यात गेले.

आज आफरीन आली आहे, नात,
पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला,
ओढणी कमरेला गच्च बांधून.
पहिली फेक: उजवीकडं, थेट करवंदीच्या जाळीत.
पंखाचं रबर निसटलं, बाकी शाबूत.
दुसरी फेक: उजवीकडं.
ती स्वतःच्या हाताकडं बघते,
पाचही बोटं उघडून.
"माझं काय चुकतंय, काका?"
"तुझं काही नाही."

रिमोटची बारकी कळ नखानं ढकलतो.
टिक्.
खाली दरीत कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करतंय,
लागत नाही, परत करतंय.
टिक्.
एक घार आमच्याही खालून जाते,
तिची पाठ दिसते, तपकिरी, उन्हानं विटल्यासारखी.
तिसऱ्याला वेळ लागतो.
आफरीन विचारत नाही काही,
बुटाच्या टोकानं खडा हलवत उभी राहते.
टिक्.
आणि रिमोट एक लांब शिट्टी देतो,
मध्य सापडला की देतो ती.
अशी शिट्टी त्याच्यात आहे
हे मी विसरूनच गेलो होतो.

"सोड."
चार पावलं. खांद्याच्या रेषेत.
ताट सरकवल्यासारखं.
हे तिला कुणी शिकवलं ते विचारत नाही.
कडेबाहेर वारा पोटाखाली हात घालतो,
सर्वोची कुरकुर लांब जाते,
नाक ना वर, ना खाली,
सरळ,
सरळ,
मग हळूच
डावीकडं.

"काका, डावीकडं जातंय!"
"होय."

तिच्या हाताचं काही नाही. वाऱ्याचंही नाही.
अंगठा माझा,
डावीकडं दाबून धरलेला,
तीन क्लिकांएवढा.
उचलायला पाहिजे.
उचलतो.
जरा तिथवर जाऊ दे.