टोलेडो, ऑक्टोबर

डोरीन पावलाक इन्सुलिनची किंमत विचारते,
जणू ती कमी करायचं मीच विसरलोय.
"एकच कुपी दे. दुसरी पगार झाल्यावर."

वर टीव्हीत दोन उमेदवार
विम्यावरून एकमेकांचं वाक्य तोडतायत.
"माझ्या डॉक्टरच्या खोलीत सरकार नको हं मला,"
ती म्हणते. कोटावर बिल्ला.
चिठ्ठी गेल्या हिवाळ्यातली.

मी गप्प. मला मत नाही अजून,
विमा आहे, नोकरीच्या खुंटीला बांधलेला.

"तुमच्याकडे कसं असतं रे?"

बाबांच्या बायपासला आईने मोडलेल्या पाटल्या
जिभेवर येतात.
"रांग असते," एवढंच म्हणतो.

"बघ!" डोरीन म्हणते,
आणि जिंकल्यासारखी
ती एक कुपी
रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवते.